आधी तपास, मग पेच

गाडी चढावर दम टाकते. मध्येच धक्के खाते. पेट्रोल जास्त पिते. अशा वेळी पुष्कळ लोक काय करतात? पेचकस घेतात आणि कार्बोरेटरचा पेच फिरवू लागतात. डॉक्टर असं करील का? तो आधी नाडी पाहतो, ताप मोजतो. मग औषध देतो. गाडीचेही तसेच आहे. तिची नाडी पाहण्यासाठी कोणती हत्यारे घ्यावीत, ते या पाठात आपण शिकू.

कार्बोरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारे भांडे. इंजिन हवा ओढते. त्या ओढीने जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल वर येते. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पंधरा किलो हवा लागते. हे प्रमाण बिघडले की गाडी रुसते.

मुंबईच्या उपनगरात कुर्ल्याला प्रीमियर कंपनीचा कारखाना होता. तिथे आधी फियाट आणि पुढे पद्मिनी मोटारी बनत. पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून गेली. पण घरगुती पद्मिनी, जुन्या जीप, जुन्या स्कूटर अजून आहेत. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथल्या गॅरेजांत आपल्या गावाकडची किती तरी पोरं कामाला जातात. त्यांनी हा पाठ जरूर वाचावा. पहिल्या पगारात सगळी पेटी भरता येत नाही. म्हणून आम्ही हत्यारे क्रमाने सांगतो.

पहिले हत्यार : प्लग-पाना आणि फिलर. दोन्ही स्वस्त आहेत. प्लग काढा आणि त्याचे टोक पाहा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. तेलकट ओले असेल तर इंजिन ऑइल आत येते आहे. पांढरेफटक असेल तर पेट्रोल कमी पडते आहे, किंवा प्लग फार तापतो आहे. फिलर म्हणजे पातळ पत्त्यांचा जुडगा. त्याने प्लगची आणि पॉइंटची फट मोजावी. फट किती हवी ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. अंदाजाने ठेवू नये.

दुसरे हत्यार : मल्टिमीटर. यावर बॅटरीचे व्होल्ट दिसतात. गाडी बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना आकडा १३.५ ते १४.५ हवा. तो वाढलाच नाही, तर बॅटरी चार्ज होत नाही. मग कार्बोरेटरला दोष देऊन काय उपयोग?

तिसरे हत्यार : टायमिंग लाइट. याचा चिमटा पहिल्या प्लगच्या तारेला लावतात. ठिणगी पडली की दिवा लुकलुकतो. तो पुलीवरच्या खुणेवर धरावा. खूण जागेवर दिसली तर ठिणगी वेळेवर पडते आहे. मात्र पॉइंटची फट आधी बसवावी. फट बदलली की टायमिंगही बदलते.

चौथे हत्यार : कॉम्प्रेशन गेज. सगळे प्लग काढा. कॉइलची तार सोडवून ठेवा. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारा. सगळ्या सिलिंडरांचे आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. समजा, तिघांचा आकडा १२० आला आणि एकाचा ८०. मग त्या सिलिंडरात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घाला आणि पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. वाढला नाही तर बहुधा व्हॉल्व्ह गळतो आहे. असे इंजिन पेच फिरवून बरे होत नाही. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगावे. त्याचे पैसे वाचतात, आपला शब्द राहतो.

पाचवे हत्यार : व्हॅक्यूम गेज. हे इंजिनाची ओढ मोजते. मुंबईत समुद्राकाठी चांगल्या मोटारीचा काटा स्लोवर १७ ते २१ इंचांच्या मध्ये स्थिर राहतो. काटा थरथरला तर व्हॉल्व्ह किंवा प्लग पाहा. खालीच राहिला तर हवा कुठून तरी शिरते आहे, किंवा टायमिंग मागे आहे. हीच गाडी महाबळेश्वरला नेली तर काटा चारेक इंच कमी दाखवील. घाबरू नका. तिथली हवाच विरळ आहे.

आता काय घेऊ नये ते ऐका. नव्या गाडीला लावायचा स्कॅनर इथे कामाचा नाही. जुन्या गाडीत कॉम्प्युटर नाही. मग स्कॅनर बोलणार कुणाशी? धुराचा वायू मोजायचे यंत्रही महाग असते. ते काम पीयूसी केंद्रात थोड्या पैशांत होते. तिथल्या कागदावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा असतो. २००० सालाआधी बनलेल्या पेट्रोल मोटारीला तो ३ टक्क्यांपर्यंत चालतो, स्कूटरला साडेचार. आकडा वर गेला तर आधी एअर फिल्टर पाहा, मग कार्बोरेटर.

हा वायू विषारी आहे. त्याला वास नाही, रंग नाही. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवाल तर माणूस बसल्या जागी मरतो. पावसाळ्यातसुद्धा दार उघडे ठेवा.

तर क्रम असा : बॅटरी, प्लग, पॉइंट, टायमिंग, कॉम्प्रेशन, हवेची गळती आणि शेवटी कार्बोरेटर. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही.

आणखी एक हत्यार आहे. ते सगळ्यांत स्वस्त. एक वही आणि पेन्सिल. तारीख, गाडीचा नंबर आणि मोजलेले आकडे लिहून ठेवा. पेच फिरवण्याआधी तो किती फेरे उघडा होता तेही लिहा. सहा महिन्यांनी तीच गाडी परत आली, तर वही सांगेल काय बिघडले ते. आता आपल्याला लिहिता येते. मग आकडे डोक्यात कशाला ठेवायचे?

सांगा पाहू :
१. टायमिंगच्या आधी पॉइंटची फट का बसवावी?
२. चमचाभर ऑइल घातल्यावर आकडा वाढला, तर दोष कशात?
३. तुमच्या गाडीच्या प्लगचे टोक कोणत्या रंगाचे आहे? पाहून वहीत लिहा.