पिशवीवरील नांव आणि पिशवींतील सरकी

रोहिण्या निघाल्या कीं वऱ्हाड-नागपुराकडील गांवोगांवीं "आम्ही कंपनीचे" असें सांगणारे गृहस्थ फिरूं लागतात. त्यांचा वेष सभ्य असतो, पिशवी छापील असते, व दुकानांत ज्या वाणाचा तुटवडा तोच नेमका यांजपाशीं निघतो. पावती मागितली तर "ती मागाहून येईल" असें उत्तर मिळतें.

बियाण्याची फसगत इतर फसगतींहून निराळी आहे. खोटा रुपया त्याच दिवशीं कळतो; खोटी सरकी आश्विनांत कळते. पुष्कळ शेतकरी शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून उगवण पाहतात व निश्चिंत होतात. उगवण पहावीच; पण उगवलें म्हणजे बियाणें खरें ठरलें असें नव्हे. जिनिंगमधील संकरित कपाशीची सरकी रंगवून भरली तर तीही उगवते. मात्र दुसऱ्या पिढींत गुण फुटतात, झाडें सारखीं येत नाहींत, व बोंडअळीस मारण्याचा बीटी गुण कांहीं झाडांत उतरतो, कांहींत उतरत नाहीं.

हा व्यवहार जुना आहे. बीटी कपाशीस सरकारी मान्यता मिळाली ती २००२ सालीं. त्यापूर्वींच, २००१ मध्यें, गुजराथेंत विनापरवाना बीटी कपाशी शेतांत उभी असलेली सांपडली. पुढें नकली पिशव्या इतक्या वाढल्या कीं आपल्या नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनें दाण्यांत वा पानांत बीटी गुण आहे कीं नाहीं हें पाहण्याचें परीक्षणसाधन तयार केलें.

तणनाशक सोसणाऱ्या एचटीबीटी कपाशीस मान्यता मिळालेली नाहीं. २०१९ मध्यें अकोला जिल्ह्यांतील अकोली जहागीर येथें शेतकरी संघटनेनें ती उघडपणें लावून सत्याग्रह केला. त्या वादांत मी शिरत नाहीं. परंतु जें चोरून विकलें जातें त्याची पावती कोणी देत नाहीं, आणि त्या आडोशास बसून दुसराच भामटा वाटेल ती सरकी खपवितो, एवढें घेणाऱ्यानें ओळखावें. (शेजाऱ्यानें घरचें सोयाबीन बियाण्यास विकलें तर तो भामटा नव्हे, नाममुद्रा न लावतां स्वतःचें बीं विकण्याचा हक्क शेतकऱ्यास २००१ च्या कायद्यानें दिला आहे.)

१९८३ च्या बियाणें नियंत्रण आदेशान्वयें विक्रेत्यास परवाना लागतो, साठा व दर फळ्यावर लावावे लागतात, व पावती द्यावीच लागते. यास्तव दारावर आलेल्या माणसाकडे प्रथम परवाना मागावा. पावतीवर वाण, लॉट नंबर व दर लिहवून घ्यावा, आणि तोच लॉट नंबर पिशवीवर आहे कीं नाहीं याची रुजुवात दुकानांतच करावी. जन्म दफ्तरांत गेल्यामुळें म्हणा, मला या रुजुवातीचें महत्त्व फार वाटतें. एका आंकड्याच्या फरकानें चांगलीं प्रकरणें निकालांत निघालेलीं मीं पाहिलीं आहेत.

पेरल्यावर रिकामी पिशवी फेंकूं नये. ती, तिची चिठ्ठी व मूठभर बीं पावतीसह बांधून ठेवावें. संशय येतांच तालुका कृषि अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी व पोंच घ्यावी. तालुक्याची तक्रार निवारण समिति शेतांत येऊन पंचनामा करते. सदोष बियाण्याबद्दल शेतकऱ्यास ग्राहक न्यायालयांत जातां येतें, हें सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं स्पष्ट केलें आहे. मात्र पंचनामा उभ्या पिकाचा होतो. हरभऱ्यासाठीं पऱ्हाटी उपटून टाकण्याची घाई त्यापूर्वीं करूं नये.