तंबाखूची तलफ : दोष मनाचा की मेंदूचा?



पालम भागात गोदाकाठी उसाला पाणी देताना, मोळ्या बांधताना, वजनकाट्यावर नंबर लावून बसताना कंबरेची चंची निघतेच. दसऱ्याला "आजपासून बंद" म्हणायचे आणि चौथ्या दिवशी पुन्हा बार भरायचा, हेही आपण पाहतो. घरचे म्हणतात, "याचं मनच खंबीर नाही." आमचे म्हणणे असे, की नुसत्या मनाला दोष देऊन भागत नाही. मूळ मेंदूत आहे.

तंबाखूत निकोटिन असते. माव्यावर तंबाखूचा काढा फवारतात, तो याच्याच जोरावर; किडीच्या मज्जातंतूंवर ते घाव घालते. कारखान्यात रसाचा आंबटपणा मारायला चुना वापरतात, तोच गुण तोंडात चालतो. चुन्यामुळे निकोटिन गालाच्या आतल्या कातडीतून सहज रक्तात उतरते. बिडीच्या धुरातून तर ते १०-२० सेकंदांत मेंदूला पोचते.

मेंदूच्या पेशींवर निकोटिनने उघडणारी जणू दारे असतात. ती उघडली की डोपामिन नावाचे द्रव्य सुटते नि बरे वाटते. रोजच्या माऱ्याने ही दारे वाढतात. रक्तातले निकोटिन सुमारे २ तासांत निम्मे होते. मग दारे रिकामी पडतात, चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही. हीच तलफ. म्हणजे पुढचा बार नवा हुरूप देत नाही, मागच्याने पाडलेला खड्डा तेवढा बुजवतो.

गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, पण मेंदूतली दारे सरकारी हुकमाने मिटत नाहीत. ती मिटतात तंबाखू थांबवल्यावर, काही आठवड्यांत. पहिले २-३ दिवस सर्वांत जड जातात. ३-४ आठवड्यांत त्रास बराच ओसरतो. मात्र चहा, जेवण, सोबत्याची चंची दिसली की जुनी आठवण चाळवते. अशी तलफ काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ पाणी प्यावे, बडीशेप चघळावी, जागेवरून उठावे. नाहीच जमले तर डॉक्टरांना विचारावे, किंवा १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला घ्यावा.

तोंडाच्या कॅन्सरने माणूस गेल्यावर हळहळण्यापेक्षा आधी सांभाळलेले बरे. सोडणारा एकदा घसरला तर त्याला हसू नका, पुन्हा उभा करा. आणि पहिला महिनाभर त्याच्यापुढे चंची धरू नका, एवढीच सर्व सभासदांना विनंती.