केबलचा आर्मर म्हणजे खात्रीचं अर्थिंग नव्हे

नाशकात, पंचवटीतल्या आमच्या जुन्या घरात पावसाळ्यात भिंतींना ओल आली, की वॉशिंग मशीनला हात लावताना आईला झिणझिण्या येत. तळमजल्यावरच्या मीटरपासून वरच्या मजल्यापर्यंत आर्मर्ड केबल गेलेली. तिच्याभोवतीच्या जस्त चढवलेल्या लोखंडी तारा, म्हणजेच आर्मर, हाच वरच्या मजल्याच्या अर्थिंगचा एकमेव मार्ग होता. परवानाधारक वायरमनने वरचं टोक उघडलं, तेव्हा ग्लँड, म्हणजे केबलचं टोक घट्ट धरणारा जोड, गंजून सैल झालेली आणि बऱ्याच तारा तुटलेल्या दिसल्या. गिझरच्या सॉकेटमध्ये तर कुणीतरी अर्थची पिन सरळ न्यूट्रलला जोडून ठेवली होती.

यातला धोका समजून घ्या. लोखंडाचा रोध तांब्याच्या कितीतरी पट असतो, आणि गंज चढला की तो आणखी वाढतो. समजा, अर्थिंगच्या मार्गाचा रोध 50 ओहम झाला. बिघाड झाल्यास 230 व्होल्टला त्यातून साडेचार-पाच अँपिअरच प्रवाह जाईल. 16 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की पडणारा स्विच, तेवढ्याने पडत नाही. मशीनच्या पत्र्यात मात्र करंट राहतो. अर्थ-न्यूट्रल जोडणी याहून घातक. न्यूट्रल मागे कुठे तुटली, की चालू उपकरणांमधून येणारा करंट थेट गिझरच्या टाकीवर उतरतो. न्यूट्रल शाबूत असली, तरी गिझरमधली गळती तिच्यातूनच परतत असल्याने आरसीसीबीला, म्हणजे गळती ओळखून पुरवठा तोडणाऱ्या स्विचलाही, ती कळत नाही.

म्हणून जुन्या घरात राहणाऱ्यांना कळकळीने सांगते:

1. आर्मर दोन्ही टोकांना पितळी ग्लँडने घट्ट बसवून अर्थला जोडलेलाच हवा. पण भिस्त त्याच्यावर ठेवू नका. सोबत तांब्याची स्वतंत्र हिरवी वायर टाका. घरगुती सर्किटला ती फेजच्या वायरइतकीच जाड घ्यावी.

2. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. एमसीबी वायरला जपतो, आरसीसीबी माणसाला. त्याचं टेस्ट बटण अधूनमधून दाबा. पण ते अर्थिंग नसतानाही काम करतं, हे विसरू नका.

3. फेज आणि अर्थच्या मध्ये लावलेला टेस्ट लॅम्प लख्ख पेटला म्हणून निर्धास्त होऊ नका. अर्थ न्यूट्रलला जोडलेली असली तरी तो तसाच पेटतो. मेन स्विच बंद करून प्रत्येक सॉकेट उघडून घ्या आणि तिथून अर्थच्या खड्ड्यापर्यंतची हिरवी वायर मीटरने तपासून घ्या.

4. खड्ड्याचा रोध अर्थ टेस्टरने मे महिन्यात मोजा. नाशकात बऱ्याच ठिकाणी थोड्याशा मातीखाली बेसाल्टचा कातळ लागतो. उन्हाळ्यात वरची माती सुकते आणि रोध चढतो. पावसाळ्यातला चांगला आकडा फसवा असतो.

झिणझिण्यांचं खापर ओलीवर फोडून मोकळं होऊ नका. ते उपकरण त्याच क्षणी बंद करा, आणि दोष सापडून दुरुस्त होईपर्यंत घरातल्या कुणालाही त्याला हात लावू देऊ नका.