टर्बो इंजिनाची मालमोटार : शक्ती आणि भरवसा

हिवाळ्यात जबलपूर जिल्ह्यातील शहापुरा आणि पाटण ह्या तहसिलींत मटाराची तोडणी सुरू होते. हा माल नाशवंत असतो. शेंग ताजी असताना मंडईत पोहोचली तर तिला भाव मिळतो. वाटेत खोळंबा झाला तर गोणीतल्या गोणीत ती तापते, तिची गोडी उतरते व व्यापारी तिच्याकडे पाठ फिरवितो. हा माल वाहण्याचे काम पुष्कळ अंशी लहान, उघड्या हौद्याच्या मालमोटारी करतात. त्यांना सर्वत्र पिकअप ह्याच नावाने ओळखतात. अशा मोटारीचा मालक बहुधा तिचा चालकही असतो, आणि कर्जाचा हप्ता तिच्याच कमाईतून फेडावयाचा असतो. मोटार किती वेगाने धावते, ह्याचे त्याला फारसे कौतुक नसते. ती आठव्या किंवा दहाव्या वर्षीही रोज पहाटे सुरू होईल काय, हा त्याचा खरा प्रश्न असतो.

आजच्या बहुतेक सर्व डिझेल पिकअप मोटारींच्या इंजिनास टर्बोचार्जर हे उपकरण जोडलेले असते. त्याने लहान इंजिनातून मोठी शक्ती मिळते. परंतु 'टर्बोचे इंजिन लवकर बसते' असा समजही चालकांमध्ये रूढ आहे. हा समज कितपत खरा आहे, हे समजून घेण्यासाठी त्या उपकरणाची रचना आणि त्याच्या झिजेची कारणे पाहणे अवश्य आहे.

जबलपूर आणि मालमोटार

मालमोटारींशी जबलपूरचा संबंध जुना आहे. तेथील तोफगाड्यांचा कारखाना 1904 साली स्थापन झाला. 1950 नंतरच्या दशकाच्या अखेरीस मान ह्या जर्मन कंपनीच्या परवान्याने 'शक्तिमान' नावाचा सैनिकी ट्रक जबलपुरास बनू लागला. पुढे 1969 साली सैनिकी मोटारींसाठी तेथे स्वतंत्र वाहन कारखाना उभारण्यात आला. तो 1 ऑक्टोबर 2021 पासून आर्मर्ड व्हेइकल्स निगम ह्या सरकारी कंपनीचा भाग आहे. येथे योगायोगाची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. रुडॉल्फ डिझेल ह्याने आपले पहिले यशस्वी इंजिन 1897 साली औग्सबुर्ग येथील ज्या कारखान्यात सिद्ध केले, तोच कारखाना पुढे मान कंपनीत समाविष्ट झाला.

शक्तिमानच्या इंजिनास टर्बोचार्जर नव्हता. सिलिंडरातील दट्ट्या खाली गेला म्हणजे बाहेरची हवा आपल्या स्वाभाविक दाबाने जेवढी आत येईल, तेवढीच त्या इंजिनास मिळत असे. मैदानी प्रदेशात ह्याने काही अडत नाही. पण सैन्याच्या मोटारींना लडाखमध्येही जावे लागते. तेथील खारदुंग खिंड सुमारे 5,360 मीटर उंचीवर असून त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. हवा विरळ झाली की तितक्याच मापाच्या सिलिंडरात प्राणवायू कमी येतो, डिझेल पुरते जळत नाही, इंजिनाची शक्ती घटते आणि काळा धूर निघू लागतो. शक्तिमाननंतर वाहन कारखान्यात जोडणी झालेल्या 'स्टॅलियन' ह्या अशोक लेलँडच्या ट्रकास टर्बोचार्जर आहे. विरळ हवा दाबून दाट करणे हा त्या उपकरणाचा एक मोठा उपयोग होय.

टर्बोचार्जर कसा चालतो

इंजिनातून बाहेर पडणारा धूर तप्त व वेगवान असतो. इंधनातील उष्णतेचा बराच मोठा वाटा त्याच्याबरोबर वाया जातो. हा वाटा कामी आणण्याची कल्पना आल्फ्रेड ब्यूखी ह्या स्विस अभियंत्याने मांडली व 1905 साली तिचे पेटंट मिळविले. धुराच्या मार्गात त्याने पात्यांचे एक चाक बसविले. धुराच्या झोताने ते फिरते. त्याच आसाच्या दुसऱ्या टोकास पात्यांचे दुसरे चाक असते. ते बाहेरची हवा ओढून दाबते आणि सिलिंडरात ढकलते. पहिल्या चाकास टरबाइन व दुसऱ्यास संपीडक म्हणतात. हवा अधिक आली म्हणजे अधिक डिझेल नीट जळू शकते, व त्याच मापाचे इंजिन अधिक काम करते.

हवा दाबली की ती तापते, हे सायकलचा पंप मारताना त्याच्या खालच्या टोकास हात लावून कोणासही पाहता येईल. जबलपूरच्या उन्हाळ्यातील 40 अंश तपमानाची हवा दुप्पट दाबावर नेली, तर ती सुमारे 140 अंशांपर्यंत तापते. तापलेली हवा प्रसरण पावते. म्हणून दाब दुप्पट होऊनही घनता केवळ दीडपट होते. हीच हवा थंड करून 60 अंशांवर आणल्यास घनता सुमारे 1.9 पट होते. ह्यासाठी मोटारीच्या पुढील भागात इंटरकूलर नावाचा हवा थंड करणारा रेडिएटर बसवितात.

टर्बोचार्जरची चाके लहान, पण गती विलक्षण असते. 5 सेंटिमीटर व्यासाचे चाक मिनिटास 1,50,000 फेरे घेत आहे असे समजू. म्हणजे सेकंदास 2,500 फेरे झाले. चाकाचा परीघ सुमारे 15.7 सेंटिमीटर आहे. तेव्हा त्याची कड सेकंदास सुमारे 390 मीटर वेगाने धावते. हा वेग हवेतील ध्वनीच्या वेगाहून अधिक आहे. इतक्या वेगाने फिरणारा आस धातूवर घासला, तर तो क्षणात नष्ट होईल. म्हणून त्याच्या बेअरिंगमध्ये वंगण तेलाचा अतिशय पातळ थर सतत वाहता ठेवलेला असतो. आस धातूला न टेकता ह्या तेलावर तरंगत फिरतो. टर्बोचार्जरचे आयुष्य मुख्यतः ह्या पातळ थरावर अवलंबून असते.

झीज कशाने होते

पहिले कारण उष्णतेचे. भरलेली मोटार चढावर असताना धुराचे तपमान 600 अंशांच्याही वर जाऊ शकते. जबलपुराहून नागपुरास जाताना सिवनीच्या पुढे कुरईचा घाट लागतो. अशा घाटात जोराने चालविलेली मोटार ढाब्यावर आणून चालकाने तत्काळ इंजिन बंद केले, तर तेलाचा प्रवाह त्याच क्षणी थांबतो. तप्त टरबाइनची उष्णता मात्र आसावाटे बेअरिंगकडे येतच राहते. तेथे अडकलेले तेल करपते व त्याचा कोळसा बनतो. हा कोळसा तेलाच्या बारीक वाटा हळूहळू बुजवितो. एका दिवसात काहीच दिसत नाही. शेकडो वेळा तीच चूक झाली की परिणाम प्रकट होतो.

दुसरे कारण धुळीचे. अडीच लिटरचे इंजिन मिनिटास 3,000 फेऱ्यांवर साध्या स्थितीत मिनिटाला सुमारे पावणेचार घनमीटर हवा घेते. टर्बोने दाब दुप्पट झाला तर हे प्रमाण साडेसात घनमीटरांच्या जवळ जाते, म्हणजे तासास 450 घनमीटर. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद व तीन मीटर उंच अशा सात खोल्यांतील सगळी हवा तासाभरात इंजिनातून जाते. शेतातील कच्च्या वाटेवर ही हवा मातीच्या कणांनी भरलेली असते. हवेची गाळणी फाटलेली असली, किंवा तिच्या पुढच्या नळीचा पट्टा सैल असला, तर हे कण संपीडकाची पाती घासतात आणि पुढे सिलिंडरात शिरतात.

तिसरे कारण जुन्या तेलाचे. तेलात काजळी, इंधन व धातूचे कण मिसळत जातात आणि त्याचा दाटपणा बिघडतो. टर्बो नसलेले इंजिन असे तेल काही काळ सहन करते. टर्बोचा नाजूक आस करीत नाही.

1 एप्रिल 2020 पासून देशभर भारत स्टेज 6 हे प्रदूषण-मानक लागू झाले. त्याबरोबर डिझेलमधील गंधकाची मर्यादा दहा लक्ष भागांत 50 भागांवरून 10 भागांवर आली. अनेक डिझेल मोटारींच्या धुराच्या मार्गात काजळी अडविणारी गाळणी आली. ही गाळणी अधूनमधून स्वतःतील काजळी उच्च तपमानावर जाळून टाकते. पण मोटार केवळ गावातल्या गावात लहान फेऱ्या करीत राहिली, तर पुरेसे तपमान येत नाही, गाळणी तुंबते आणि टरबाइनच्या मागे दाब वाढतो. अशा इंजिनास कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच तेल लागते. भलत्या तेलाची राख गाळणीत साचते, व ती जाळून जात नाही.

भरवसा कसा मोजतात

यंत्राचा भरवसा ही केवळ मनाची भावना नव्हे; त्यालाही गणित आहे. एखादा भाग वर्षभर न बिघडण्याचा संभव 100 पैकी 99 आहे असे मानू. एकच भाग असेल तर चिंतेचे कारण नाही. पण यंत्रात असे 20 भाग असून त्यांपैकी एकही बिघडला तरी यंत्र थांबत असेल, तर 0.99 ह्या संख्येस स्वतःशीच 20 वेळा घेऊन गुणावे लागते. उत्तर सुमारे 0.82 येते. म्हणजे उत्तम भागांचे यंत्रही 100 पैकी 18 वेळा अडू शकते. टर्बोबरोबर इंटरकूलर, रबरी नळ्या, दाबनियंत्रक झडप, तेलाच्या वाहिन्या व संवेदक इतके भाग वाढतात. चालकांच्या समजुतीत एवढा सत्यांश निश्चित आहे.

दुसरी बाजू अशी की, बिघाडाचा संभव सर्व काळ सारखा नसतो. नव्या यंत्रात घडणीतील दोष लवकर उघड होतात. त्यानंतर दीर्घ काळ बिघाड क्वचित होतात. अखेरीस झिजेमुळे ते पुन्हा वाढतात. हा मधला शांत काळ किती लांबावा, हे पुष्कळसे मालकाच्या हाती असते. वरील तिन्ही कारणे पाहिली म्हणजे ध्यानात येते की, टर्बोचार्जर बहुधा स्वतःच्या दोषाने मरत नाही. तेल, हवा किंवा उष्णता ह्यांच्याकडून तो मारला जातो. म्हणूनच मूळ कारण न शोधता नुसता नवा टर्बो बसविला, तर तोही थोड्याच दिवसांत निकामी होतो. तेलाची वाहिनी तुंबलेली आहे काय, हवेच्या नळीत कण उरले आहेत काय, हे जो मिस्त्री आधी पाहतो, तोच मालकाचे पैसे वाचवितो.

मालकाने काय करावे

सकाळी इंजिन सुरू केल्यावर अर्धा मिनिट ते मंद चालू द्यावे, म्हणजे तेल आसापर्यंत पोहोचते. चढ किंवा लांबचा भरधाव प्रवास संपल्यावर एक-दोन मिनिटे इंजिन मंद ठेवून मग बंद करावे. तेल व त्याची गाळणी नेमल्या वेळी बदलावी. धूळ, ऊन व जड भार ह्यांत रोज काम असेल तर त्याहूनही लवकर बदलावी. हवेची गाळणी तोडणीच्या हंगामात वारंवार तपासावी. ठरलेल्या भाराहून अधिक माल भरू नये, कारण त्या एका खेपेच्या नफ्याची किंमत इंजिन पुढे वसूल करते.

यंत्र आपले दुखणे आधी कळविते. धूर निळसर झाला तर तेल जळत आहे. काळा झाला तर हवा कमी पडत आहे. शिट्टीसारखा नवा आवाज आला तर नळी फुटली असेल किंवा पाती घासत असतील. ह्या खुणा ओळखून मोटार त्याच दिवशी दाखविली, तर एका नळीच्या खर्चात काम भागते. दुर्लक्ष केले, तर तुटलेल्या पात्यांचे तुकडे इंजिनात जाऊ शकतात आणि सारे इंजिन उघडावे लागते.

टर्बो इंजिन साध्या इंजिनाहून अधिक शक्ती देते, पण चुका कमी सहन करते. ज्याच्या मटाराच्या गोण्या पहाटे मंडईत पोहोचावयाच्या आहेत, त्याने हा व्यवहार समजून घेतला पाहिजे. दोन मिनिटांचा धीर आणि वेळेवर बदललेले तेल एवढ्या किमतीत ती मोटार त्याला दीर्घ काळ साथ देऊ शकते.

विचारासाठी प्रश्न

1. दाब दुप्पट करूनही गरम हवेची घनता दुप्पट का होत नाही?
2. जड चढ चढून आल्यावर इंजिन एकदम बंद करणे अपायकारक का ठरते?
3. यंत्रात 10 भाग असून प्रत्येकाचा भरवसा 0.99 असल्यास संपूर्ण यंत्राचा भरवसा किती?
4. गावातील एखाद्या पिकअपच्या चालकास विचारून, तो तेल व हवेची गाळणी केव्हा बदलतो, ह्याची नोंद करा.