मरळीचे संगोपन : एकमेकींना खाण्यापासून कसे वाचवाल?



शेततळ्यात मरळीची हजार बोटुकली सोडली आणि आठ-दहा महिन्यांनी जाळे ओढले, तर हाती मोजक्याच पण चांगल्या पोसलेल्या मरळी लागल्या, असा अनुभव काही शेतकऱ्यांना येतो. रोगाने मासे मेले असते तर ते पाण्यावर तरंगताना दिसले असते. मग बाकीचे बीज गेले कोठे? बहुतेक वेळा ते उरलेल्या मरळींच्याच पोटात गेलेले असते. बीज, खाद्य आणि एक हंगाम असे तिन्ही वाया जाते. हे नुकसान टाळणे आपल्या हातात आहे.

मरळ आपल्याच जातीला का खाते?

मरळ हा मांसभक्षी मासा आहे. तोंड मोठे व दात तीक्ष्ण असल्याने ती आपल्या लांबीच्या साधारण निम्म्या लांबीचा मासा सहज गिळते. म्हणजे १२ सें.मी. ची मरळ ६ सें.मी. चे बोटुकले खाऊ शकते. सर्व मासे एकाच आकाराचे असतील तर कोणी कोणाला गिळू शकत नाही. लहान-मोठ्या आकारातील फरक आणि भूक ही या नुकसानीची दोन मुख्य कारणे आहेत. लहान वयात हा धोका सर्वांत जास्त असतो.

बीज निवडताना

पावसाळ्यात मरळीची पिल्ले थव्याने पृष्ठभागाजवळ फिरतात व नर-मादी त्यांची राखण करतात. एका थव्यातील पिल्ले एकाच वयाची असतात. दोन-तीन थव्यांतील बीज एकत्र केले की आकारात फरक पडतो व तेथूनच घट सुरू होते. म्हणून शक्यतो एकाच वेळचे, ८ ते १० सें.मी. चे एकसारखे बीज घ्यावे. एका चौरस मीटरला एक ते दोन बोटुकली पुरेशी होतात.

प्रतवारी

एकाच दिवशी जन्मलेली पिल्लेही सारखी वाढत नाहीत. जी थोडी पुढे जातात ती खाद्यावर ताबा मिळवतात व आणखी वाढतात. यासाठी संगोपन टाक्यांत दर आठवड्याला आणि तळ्यात सोडल्यावर पहिले दोन-तीन महिने दर पंधरा दिवसांनी प्रतवारी करावी. लहान, मध्यम व मोठे असे तीन गट करून वेगवेगळ्या टाक्यांत किंवा तळ्यातच बांधलेल्या जाळीच्या कप्प्यांत ठेवावेत. हे काम सकाळी थंड वेळी, मऊ व ओल्या जाळीने करावे. मासे कोरड्या हाताने धरू नयेत.

खाद्य

भुकेली मरळ शेजारणीकडे वळते. लहान पिल्लांना प्राणीप्लवंग द्यावेत, नंतर बारीक केलेली मासळी आणि हळूहळू तरंगते गोळी खाद्य मिसळून सवय लावावी. खाद्यात ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असावीत. सुरुवातीला एकूण वजनाच्या ५ ते ८ टक्के खाद्य द्यावे. उदाहरणार्थ, प्रत्येकी १० ग्रॅमचे हजार मासे म्हणजे १० किलो वजन. त्यांना दररोज ५०० ते ८०० ग्रॅम खाद्य लागेल. ते एकदम न टाकता तीन-चार वेळा आणि तळ्याच्या निरनिराळ्या बाजूंना टाकावे, म्हणजे दुबळ्या माशांनाही वाटा मिळतो. मासे वाढतील तसे प्रमाण कमी करीत २ ते ३ टक्क्यांवर आणावे.

आसरा आणि कुंपण

तळ्याच्या काही भागात पाणवनस्पती ठेवल्यास लहान माशांना लपायला जागा मिळते. मात्र मरळ हवेतून श्वास घेते, तिला वारंवार वर यावे लागते. त्यामुळे जलपर्णीने सर्व पाणी झाकू देऊ नये. मरळ उडी मारते व ओल्या जमिनीवरून सरपटत दूर जाते. तळ्याभोवती सुमारे एक मीटर उंचीची जाळी लावावी.

कटला-रोहूबरोबर मरळ

कटला, रोहू, मृगळ यांच्या लहान बोटुकलीबरोबर मरळ कधीही सोडू नये. एकत्र ठेवायचेच असेल तर कार्प मासे आधी १०० ग्रॅमपर्यंत वाढवावेत आणि नंतर मरळीचे लहान बीज सोडावे. फक्त कार्प पाळणाऱ्यांनी बीज सोडण्यापूर्वी जुन्या मरळी काढून टाकाव्यात. मरळ ओल्या चिखलात दडून राहते, म्हणून मातीचे तळे पूर्ण वाळवावे. ते शक्य नसेल तर एक मीटर खोलीच्या पाण्यात हेक्टरी २५०० किलो मोहाची पेंड वापरावी व विषारी परिणाम संपल्याची खात्री करूनच बीज सोडावे.

बंधूंनो, मरळीचा स्वभाव आपण बदलू शकत नाही. पण आकार सारखा ठेवणे व पोट भरलेले ठेवणे एवढे सांभाळले, तर त्या एकाच तळ्यात नांदतात. प्रत्येक प्रतवारीच्या वेळी मासे मोजून वहीत नोंद करा. संख्या घटू लागल्याचे वेळीच कळले, तर उरलेले पीक वाचवता येते.