जुने कागद कसे सांभाळावेत?

आमच्या घरी शेताचा एक जुना कागद आहे. तो मोडी लिपीत आहे. पावसाळ्यात मी तो पेटीतून ओढून काढला. दोन-तीनदा घडी उघडली-मिटली, तर घडीवरच फाटला! मी चिकटपट्टी आणायला पळालो. आजोबा म्हणाले, "थांब रे, ती लावू नको. तिचा डिंक पिवळा पडतो न् डाग कधी जात नाही."

गुरुजींना विचारले. ते म्हणाले, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे असे कागद गोळा करायला गावोगाव हिंडले. १९२६ साली ते धुळ्यास वारले. १९२७ साली तेथे राजवाडे संशोधन मंडळ निघाले. त्यांचे कागद तेथे जपले आहेत.

मग गुरुजींनी हे नियम सांगितले :

१) हात धुवून, कोरडे करून कागद धरावा.
२) थुंकी लावून पान उलटू नये.
३) पुस्तक वरची कड धरून ओढू नये, मधोमध धरावे.
४) जवळ शाईपेन नको, पेन्सिल चालते.
५) टाचणी लावू नये, ती गंजते.
६) ओला कागद उन्हात नको, सावलीत वाळवावा.
७) सुती रुमालात बांधून कोरड्या जागी ठेवावा. कसर, वाळवी लागली का, ते अधूनमधून बघावे.

आमचा कागद आता दोन कोऱ्या कागदांमध्ये सपाट ठेवला आहे. त्यात आजोबांच्या आजोबांचे नाव आहे म्हणे. मला अजून मोडी येत नाही. पण मी शिकेन, तोवर तो टिकला पाहिजे.

पालकांनो, जुने कागद रद्दीत घालू नका, ही विनंती.

– इयत्ता चौथी, जि. प. शाळा, ता. शिरपूर