अंडे जिवंत की कोरे? सातव्या दिवशी कसे ओळखावे

कोकणात घरटी चार-सहा गावठी कोंबड्या असतातच. त्याशिवाय वनराजा, गिरिराजा अशा सुधारित जातींची अंडी विकत आणून पिल्ले तयार करण्याचा जोडधंदाही पुष्कळ घरांतून चालतो. या धंद्यातले भांडण ठरलेले आहे. शंभर अंडी नेली, पिल्ले साठच निघाली. घेणारा म्हणतो, माल खराब होता. देणारा म्हणतो, तुमचे यंत्र बिघडलेले. एकविसाव्या दिवशी हा वाद मिटत नाही. सातव्या दिवशी मिटू शकतो, आणि त्यासाठी लागते फक्त एक बॅटरी.

प्रथम हे पक्के ध्यानात घ्यावे की, न उबवलेले ताजे अंडे वरून पाहून ते फलित आहे की कोरे हे कोणालाही सांगता येत नाही. पाण्यात तरंगते ते अंडे जुने, एवढेच. आत जीव धरला की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. लेअर फार्मची दुकानातली अंडी कोरीच असतात, कारण तेथे कोंबडा ठेवतच नाहीत. म्हणून अंडी घेताना आधी कळप पाहावा. आठ-दहा कोंबड्यांमागे एक धडधाकट कोंबडा हवा. मग त्याच मालातली चार-पाच अंडी बशीत फोडावीत. बलकावरचा पांढरा ठिपका कडेने गोल व मध्ये फिकट, रिंगणासारखा दिसला तर अंडे फलित. ठिपका लहान, भरीव आणि वेड्यावाकड्या कडांचा असेल तर कोरे. आपण कापडवाले ठाण घेण्यापूर्वी टोक उलगडून उजेडात धरतोच की! चार अंड्यांचे पैसे गेले तरी हा सौदा स्वस्तच.

आता सातव्या दिवसाची तपासणी. पुठ्ठ्याच्या खोक्याला रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडे लहान भोक पाडावे व आत बॅटरी किंवा दिवा ठेवावा. खोलीत पूर्ण अंधार करून अंड्याचे रुंद टोक भोकावर टेकवावे. अंडे जिवंत असेल तर लाल बारीक शिरांचे जाळे कोळ्याच्या पायांसारखे पसरलेले दिसते. मध्ये काळा ठिपका असतो, तो कधी हलतोही. कोऱ्या अंड्यात सगळीकडे सारखा पिवळसर उजेड आणि बलकाची पुसट सावली. तिसरा प्रकार फसवा आहे. शिरा नाहीत, पण आत लाल कडे दिसते. हे अंडे फलित होते. जीव धरला आणि सुरुवातीलाच मेला.

पांढऱ्या कवचात हे पाचव्या दिवशीही दिसते, तपकिरी कवचात घाई करू नये. शंका असलेल्या अंड्यावर पेन्सिलीने खूण करून दहाव्या दिवशी पुन्हा पाहावे. मेलेली व कोरी अंडी यंत्रात राहू देऊ नयेत. ती सडून फुटली तर शेजारची चांगली अंडीही नासतात. आणि ती खाण्यासाठी मुळीच विकू नयेत.

हिशोब असा मांडावा. समजा १०० अंडी ठेवली, सातव्या दिवशी १५ कोरी निघाली, राहिली ८५, पिल्ले आली ६८. म्हणजे फलितता ८५ टक्के आणि फलित अंड्यांवर उगवण ८० टक्के. पहिला आकडा विकणाऱ्याचा, दुसरा बहुतांशी उबवणाऱ्याचा. व्यवहार ठरवताना कोरी अंडी कोणाच्या खात्यावर, हे बोलून घ्यावे आणि तपासणीला दोघांनीही हजर राहावे. कोरे वाटलेले अंडे तेथेच फोडून पाहिले की संशयही राहत नाही.

लाल कडी जास्त निघाली तर मात्र साठवण तपासावी. मांडवीसारख्या समुद्रकाठच्या वस्तीत मे महिन्यात घरातली उष्णता तीस अंशांच्या वर असते. साधारण २१ ते २४ अंशांच्या पुढे अंड्यातला जीव हळूहळू वाढू लागतो, अर्धवट वाढतो आणि मरतो. १५ ते १८ अंश उत्तम. तेवढे साधणार नसेल तर उन्हाळ्यात तीन-चार दिवसांपेक्षा जुनी अंडी घेऊच नयेत. घरचा फ्रीज यासाठी फार थंड. यंत्रात पंखा असेल तर ३७.५ अंश ठेवावे.

आखातात राहणाऱ्या आपल्या काही घरांत मुले ठिपक्यांची पाल पाळतात, तिच्या अंड्यालाही हीच उजेडाची रीत चालते. फलित अंडे पांढरे, टणक, आतून गुलाबी व लाल शिरांचे. कोरे पिवळट पडून पिचकते. फरक एकच, पण मोठा. कोंबडीचे अंडे अठराव्या दिवसापर्यंत रोज फिरवावे लागते, पालीचे मुळीच फिरवायचे नाही. वरच्या बाजूला खूण करून, ती बाजू वरच ठेवून खालून उजेड दाखवावा. आपल्याच जिल्ह्यात वेळासला २००२ पासून कासवांची अंडी जपली जातात, तीही न उलटता हलवावी लागतात. फिरवले तर कवचाच्या आत वर चिकटलेला जीव तुटतो.